झाड, शिंपीण आणि मेहुणा

सरळ काय, कुणीही बोलतं! त्याला अक्कल लागत नाही. "ऊठ" म्हटलं की माणूस उठतो, "जा" म्हटलं की जातो. यात बोलणाऱ्याचं कौशल्य ते काय? खरं बोलणं म्हणजे आडून बोलणं. बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला वाटायचं की हवापाण्याच्या गप्पा चालल्यात! लेकी बोले सुने लागे ही नुसती म्हण नाही हो, कला आहे. आणि या कलेत माझा हात धरणारा दुसरा कुणी नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत मानत होतो.

मी कॉलेजात भाषा शिकवतो. अन्योक्ती हा माझा हातखंडा विषय. कवी बोलतो भुंग्याला आणि ऐकायचं असतं राजाने, ती अन्योक्ती. हे शिकवताना मी असा रंगतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. आणि मी नुसता शिकवत नाही, वापरतोही. स्टाफरूममधली माझी खुर्ची मोडकळीला आली तेव्हा मी अर्जबिर्ज केला नाही. प्राचार्य समोर असताना खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून म्हणालो, "म्हातारपणी फार ओझं वाहावं लागतं हो तुम्हाला! आता विश्रांती घ्या!" प्राचार्यांना ते बरोबर लागलं. ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि खुर्ची अजून तीच आहे, पण तो भाग वेगळा.

ही विद्या मला मिळाली आत्याकडून. माझी आई मी लहान असताना गेली. तेव्हा वडिलांची ही बहीण चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली, येताना आपलं शिवणाचं मशीन घेऊन आली, आणि राहिली. तिनेच मला वाढवलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हातचे असत. पण तिची खरी कारागिरी बोलण्यात! आत्या आयुष्यात कुणाला सरळ काही म्हणाली नाही. जे सांगायचं ते मशीनला सांगायची. "बाई गं, तुला बरं वेळेवर तेल मिळतं! काहींना चहासुद्धा विचारत नाहीत!" की मी धावत चहा टाकायचो. दहावीला मी गणितात गचकलो तेव्हा घरात कुणी माझ्याकडे बघेना. आत्या मशीनला म्हणाली, "दोरा तुटला तर काय करतो गं आपण? पुन्हा ओवतो. त्यात रडायचं काय?" मी पुन्हा बसलो आणि पास झालो. आज वर्गात मी जे जे सांगतो ते सगळं त्या मशीनशेजारी पाटावर बसून शिकलेलं आहे.

आता मेहुण्याकडे वळतो. बायकोचा धाकटा भाऊ. लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. बटण दाबलं की मजला आला पाहिजे, असा त्याचा एकूण जगाबद्दल समज. त्याच्या घरातल्या फरश्या उखडायच्या होत्या.

"भाऊजी, चार दिवस येऊ का राहायला?" त्याने विचारलं.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. यातला माझा सूर कुणालाही कळला असता. त्याला कळला नाही. तो विचारायचा थांबला तो कायमचाच.

फरश्या बसून गुळगुळीत झाल्या. आमच्या परीक्षा झाल्या, निकाल लागले, नवीन वर्ग सुरू झाले. मेहुणा आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावरच! माणूस वाईट नाही हं. आमची लिफ्ट वर्षानुवर्षं मध्येच अडकायची, ती त्याने एका रविवारी स्वतः उघडून अशी केली की विचारू नका. पण सकाळी उठल्यावर आपल्याच सोफ्यावर दुसऱ्याचे पाय बघायचे, आणि त्या पायांच्या मालकाने म्हणायचं, "भाऊजी, तुमचं पोट सुटलंय. कालच्यापेक्षा जास्त दिसतंय!" हे किती दिवस सोसायचं?

बायकोही कंटाळली होती. पण ती बहीण!

"त्याला कळलं पाहिजे," ती म्हणाली, "पण आपण सांगितलं असं वाटता कामा नये. माझ्या भावाला 'जा' म्हणालात तर याद राखा!"

म्हणजे बघा, अन्योक्तीची व्याख्याच सांगितली की तिने! हे काम माझ्यासाठीच जन्माला आलं होतं.

सुरुवात मी सौम्य केली. त्याची बॅग माळ्यावरून काढून दाराशी ठेवली. तो म्हणाला, "ही मध्येच कुणी ठेवली? अडखळून पडेल कुणीतरी!" आणि ती पुन्हा माळ्यावर टाकली. या वेळी अगदी आतल्या कोपऱ्यात. मग एकदा जेवताना मी सुस्कारा टाकून म्हणालो, "काही म्हणा, शेवटी आपलं घर ते आपलं घर!"

"अगदी बरोबर!" मेहुणा म्हणाला. "म्हणून तर मला इथे इतकं बरं वाटतं. भाजी वाढ गं ताई!"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द आपटून आपटून माझ्याच हाताला फोड आले! तेव्हा मी ठरवलं, आता किरकोळ टोमणे पुरेत. आता पूर्ण लांबीची, पाचपानी अन्योक्ती!

मी कथा लिहायला बसलो. एक झाड. झाडावर पाहुणा म्हणून आलेला एक पक्षी. चार दिवसांसाठी येतो आणि जायचं नाव काढत नाही. झाड बिचारं भिडस्त, बोलत नाही. फांद्या वाकतात, घरट्यातल्या पिलांना पंख पसरायला जागा उरत नाही... छान जमत होतं. पण बायकोची अट डोक्यात होती. ओळखू येता कामा नये! मग मी वेषांतराला लागलो. मेहुणा लिफ्टवाला, वर-खाली करणारा, म्हणून उंच उडणारा पक्षी बाद. पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी घेतला. मेहुणा पुरुष, म्हणून पक्ष्याची शिंपीण केली. मेहुणा तरुण, म्हणून तिला म्हातारी केली. पाय दुखतात असंही घातलं. मी स्वतःवरच खूश झालो. आता खुद्द ब्रह्मदेव आला तरी ओळखणार नाही की हा माझा मेहुणा आहे!

तुम्ही कपाळाला हात लावलात ना? लावा. मला तेव्हा लावता आला नाही. पलीकडच्या खोलीत मशीन खडखडत होतं, जन्मभर खडखडत आलेलं, आणि घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी आपल्याला ऐकू येत नाही तसं ते मला ऐकूच येत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जाहीर केलं, "कॉलेजच्या अंकासाठी कथा लिहिली आहे. वाचतो." बायको दाराला टेकून उभी राहिली. मेहुणा सोफ्यावर आडवा. आत्या खिडकीपाशी कुणाच्या तरी झग्याला काजं करत बसली होती. मी जीव ओतून वाचलं! म्हाताऱ्या शिंपिणीचा आवाज थरथरत काढला. शेवटच्या वाक्याला आवाज खाली आणला आणि मेहुण्यावर नजर रोखली. "झाड काही बोललं नाही. झाडं बोलत नाहीत. पण शहाण्या पाहुण्याने फांदीचा वाक ओळखावा."

मेहुणा उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क विचार दिसत होता! लागलं, मी मनात म्हणालो. बाण लागला!

"छान लिहिलंयस," आत्या म्हणाली. तिने दोरा दाताने तोडला. "फक्त पाय दुखतात हे नको होतं. तेवढ्याने उघडं पडतं. बाकी चांगलं झाकलंयस."

बघा, कलावंताला कलावंताची दाद! मी गहिवरलो. मग आत्या आपल्या खोलीत गेली आणि मशीनवर कव्हर घालत म्हणाली, "चल बाई. जिथे दोरा तिथे आपलं घर. फांद्या मोजायची वेळ कशाला आणायची कुणावर?"

"ऐकलंस?" मी बायकोच्या कानात म्हणालो. "आत्याही सामील झाली! तीसुद्धा त्याला ऐकवतेय!"

"मला नाही तसं वाटत," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय? तुम्ही सरळ बोलणारी माणसं!"

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. मेहुणा स्नानघराच्या दाराशी आला. "भाऊजी, आत्याबाई चालल्यात. त्यांच्याकडे शिवण शिकलेल्या एका विद्यार्थिनीचं दुकान आहे ना, तिथे. गणवेशांची मोठी ऑर्डर आहे म्हणे. मशीन मी खाली नेतो."

"ने, ने!" तोंडाला फेस, मी आतूनच ओरडलो. मेहुणा कामाला लागला याचाच मला आनंद! मशीन लिफ्टमध्ये गेलं, आत्या लिफ्टमध्ये गेली. पूर्वी अडकण्याच्या भीतीने ती लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसे आणि गुडघ्यांमुळे जिना उतरत नसे. आता लिफ्ट लोण्यासारखी चालत होती. मी टॉवेल घेऊन बाहेर येईपर्यंत ती खाली पोचलीसुद्धा.

संध्याकाळी घरी आलो तर सोफा रिकामा! मी आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात आत्याच्या खोलीतून मेहुण्याची हाक आली, "भाऊजी, इकडे या! इथे काय झकास उजेड येतो!" तो आत्याच्या पलंगावर पाय पसरून बसला होता. "आत्याबाईच म्हणाल्या, खोली रिकामीच राहणार आहे, तू घे."

"राहणार आहे म्हणजे?"

"त्या कायमच्या गेल्या ना! भाऊजी, एक सांगू? तुमची ती गोष्ट मला आवडली नाही. शिवणकाम करणारी म्हातारी, पाय दुखतात, चार दिवसांसाठी आली आणि राहिली! माझ्यासारख्यालासुद्धा कळलं कुणाबद्दल आहे ते. घरच्या म्हाताऱ्या माणसाला असं तोंडावर वाचून दाखवतात?"

आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाला आडून बोललेलं काही समजलं होतं, आणि तेही भलतंच! मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे चार गोल डाग होते. बायको दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. सरळ बोलणारी बाई गप्प बसली की समजावं, काम फार बिघडलंय.

दुसऱ्या दिवशी मी तडक त्या दुकानात गेलो. पुढे गणवेशांचे ढीग, मागे पडद्याआड एक अरुंद खोली. त्यात एक खाट आणि आत्याचं मशीन, एवढंच मावत होतं. आत्या कॉलर शिवत होती. मी वाटेत शपथ घेतली होती की आज आडपडदा नाही. सरळ बोलायचं!

"आत्या, ती गोष्ट तुझ्यावर नव्हती."

"नव्हतीच रे. पक्ष्यावर होती."

"मेहुण्यावर होती! त्याने जावं म्हणून लिहिली होती!"

"त्या गुणी पोरावर?" आत्याने मशीन थांबवलं. "काल माझं ओझं त्याने एकट्याने उचललं. त्याच्यावर कशाला ढकलतोस? झाकण बरं होतं, तेच ठेव."

"अगं, झाकण नाही, खरं सांगतोय! घरी चल. तुझ्याशिवाय घर खायला उठतं."

"म्हणजे स्वयंपाकाची अडचण होतेय."

"नाही गं!"

"मग हे आहे." तिने माझ्या छातीकडे बोट दाखवलं. खाली बघितलं तर शर्टाचं मधलं बटण गायब! देवाशपथ सांगतो, मला पत्ता नव्हता. "बटणासाठी आलास होय? तसं म्हणायचं की! काढ शर्ट."

आता काय सांगावं! जिच्याकडून मी जन्मभर शब्दांच्या पाठीमागचं ऐकायला शिकलो, ती माझे सरळ शब्द सरळ ऐकायलाच तयार नव्हती. आम्हां दोघांमध्ये सरळ रस्ता कधी बांधलेलाच नव्हता. मी बनियनवर, गणवेशांच्या ढिगावर बसून "आत्या, मला माफ कर" म्हणत होतो. तेवढ्यात पडदा सरकवून एक बाई माप द्यायला आत आल्या, किंचाळल्या आणि बाहेर पळाल्या. दुकानवाली विद्यार्थिनी धावत आली. "सर, तुम्ही? असे?" तिची धाकटी बहीण माझ्याच वर्गात आहे हो! संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं असणार.

आत्या मात्र शांतपणे बटण लावत होती. बटण लावून झालं, तरी ती दोऱ्याचे वेढे घालतच राहिली. मग शर्ट माझ्या हातात देऊन मशीनला म्हणाली, "पक्कं लावलंय हो. आता पुन्हा पुन्हा यायची तसदी नको कुणाला."

मला रडू आवरेना. मी शर्ट उलटा घालून घरी आलो.

"तुम्हाला नाही जमायचं," मेहुणा म्हणाला. "उद्या मी जातो. चला म्हणतो. त्यात काय एवढं?"

तो सकाळी गेला. दुपारी फोन आला. "भाऊजी, आत्याबाई नाही म्हणतात. पण इथला पंखा बिघडलाय, दिव्याची वायर लोंबतेय, माळाही नाही. मी चार दिवस इथेच थांबतो. पुढे दुकानात झोपायला भरपूर जागा आहे."

बघा! मेहुणा गेला! जे मागितलं ते मिळालं! सोफा रिकामा, आत्याची खोली रिकामी, सगळ्या फांद्या मोकळ्या! घरात आम्ही दोघंच, आणि बायको माझ्याशी बोलायची बंद झाली होती. जन्मभर सरळ बोललेली ती बाई संध्याकाळी झाडू मारताना म्हणाली, "सोफ्या, सुटलास रे बाबा! आता पसर म्हणावं पाय, ज्याला पसरायचेत त्याने!" पहिल्याच प्रयत्नात इतकं अचूक! मी मात्र त्या सोफ्यावर बसलो नाही. जेवणाच्या टेबलापाशी लाकडी खुर्चीवर पेपर वाचतो हल्ली.

चार दिवसांनी मेहुणा आपले कपडे न्यायला आला. त्याचा मुक्काम तिकडे वाढला होता.

"आत्याबाई बऱ्या आहेत," तो बॅग भरत म्हणाला. "एक निरोप आहे. म्हणजे मला नाही सांगितला, मशीनला सांगत होत्या, पण माझ्याकडे बघून. मला काही कळलं नाही, जसाच्या तसा सांगतो. 'बाई गं, झाडाला विचार, फांदी सरळ झाली का.' याचा अर्थ काय हो भाऊजी?"

अर्थ सांगायचा मी पगार घेतो. एका ओळीवर तासभर बोलतो, फळा भरून टाकतो. पण उत्तरादाखल काही आडून सुचेना, आणि सरळ तर मला कधी येतच नव्हतं.

मेहुणा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "भाऊजी, तुम्ही रडताय. तसं सांगू का त्यांना?"

"नको, नको!" मी म्हणालो. "काहीतरीच काय! डोळ्यांत कचरा गेलाय."

"बरं," म्हणून तो निघाला. त्याला कचरा म्हटलं की कचरा! दार लागलं आणि माझ्या लक्षात आलं. अरे, याच्याइतका खात्रीचा निरोप्या कुठे मिळणार? हा माणूस जे सांगेल त्याच्या मागे-पुढे काही नसतं, हे आत्यालाही ठाऊक आहे! त्याच्या तोंडून तिला खरं वाटलं असतं. मी धावत बाहेर गेलो. "सांग! सांग तिला!" जिन्यातून ओरडलो. पण लिफ्ट खाली पोचली होती. पूर्वी हमखास अडकायची हो! त्याने दुरुस्त केल्यापासून एकदाही अडकत नाही.

शेवटी मी आत्याला फोन केला. तिकडे मशीनची खडखड ऐकू येत होती. ती इतक्या स्पष्टपणे मला आजवर कधी ऐकू आली नव्हती. सांगायचं पाठ केलं होतं. तू पाहुणी नाहीस. घर तुझं आहे, मीच तुझ्याकडे वाढलो. एवढंच. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "आत्या, आपली लिफ्ट खाली जाते, तशी वरही येते बरं का."

मशीन थांबलं.

"मशीनला विचारून सांगते," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तेव्हापासून लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दार उघडून बघतो. आज सकाळी शेजारचे काका होते, हातात दुधाची पिशवी. "काय सर, कुणाची वाट बघताय का?"

"छे हो!" मी म्हणालो. "जरा वारा घेत होतो."